उमरडोह स्टेशन, एकास सत्त्याऐंशी

राजापेठ, अमरावती
१६ एप्रिल २०२४

प्रिय केशव यास हरिहरचा नमस्कार.

इतक्या वर्षांनी माझं पत्र पाहून तू आधी शेवटची ओळ वाचली असशील, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. गोदावरी बरी आहे, मी बरा आहे, आणि मी वकिली सोडल्यापासून माझे अशीलही बरे असल्याचं ऐकतो. फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडायला मला डॉक्टरांनी मनाई केली आहे.

काम असं आहे की मी उमरडोहचं स्टेशन पुन्हा बांधायला घेतलं आहे. गच्चीवरच्या खोलीत, प्लायवूडच्या फळीवर. माझ्या पासष्टीला ईशानने पुण्याहून एक छोटी आगगाडी पाठवली. मी दुपारच्या वेळी त्याच्या आईशी वाद घालू नये, एवढाच त्याचा हेतू असावा. गाडी चांगली आहे, पण ती नुसती गोल गोल फिरायची. दोन दिवसांत मला तिची दया आली. गाडीला स्टेशन हवं, आणि स्टेशन म्हटलं की मला एकच येतं. बाबा तिथे स्टेशनमास्तर होते आणि आपण दोघं मालधक्क्यावर दप्तर टाकून शाळा बुडवत होतो. आता तिथे रूळही नाहीत. मोठी लाइन झाली ती गावाला वळसा घालून गेली, आणि आपल्या छोट्या लाइनचे रूळ उचलून नेले.

प्रमाण एकास सत्त्याऐंशी. या हिशोबाने तू दोन सेंटिमीटरचा होतोस. काळ धरला आहे १९६८ चा मे महिना, सकाळी अकोल्याकडे जाणारी पॅसेंजर यायची वेळ. माझा नियम एकच. जे तिथे नव्हतं ते फळीवर येणार नाही आणि जे होतं ते सुटणार नाही. इमारत झाली आहे. छपराचे पत्रे गोदावरीच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या चांदीचे केले. कंगव्यावर दाबले की त्यांना नाल्या पडतात. ती म्हणते, पत्र्यांसाठी मी गोळ्या लवकर संपवणार नाही.

तुझ्याकडून पुढील वस्तू एसटीच्या पार्सलने हव्यात. उमरडोहची अस्सल काळी माती. वाळलेलं गाजरगवत, त्याच्या तुऱ्यांची झुडपं फार हुबेहूब होतात. वाळलेल्या घोसाळ्यांच्या जाळ्या, त्या कातरून कडुलिंबाची पालवी करता येते. आणि रुळांच्या पलीकडे, तुमच्या वावरांकडे काय काय होतं ते लिहून पाठव. ती बाजू मला अंधूक आठवते.

तानुबाईंना नमस्कार.

तुझा
हरिहर

•

उमरडोह, जि. अकोला
२ मे २०२४

हरिहर, रामराम.

शेवटचीच ओळ आधी वाचली. मग पहिली वाचली. मग तानूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वकीलसायेब रिकामे दिसतात."

खोक्यात माती आहे. वेगळ्या पोत्यात गाजरगवत आहे. आयुष्यभर हे गवत उपटून फेकलं, मागून घेणारा तूच पहिला. तानू म्हणते, अजून पाहिजे असेल तर लाजू नका म्हणावं, आमच्याजवळ लय हाय. घोसाळ्याच्या जाळ्या तिच्या भांडी घासायच्या आहेत, त्यातल्या बऱ्या तेवढ्या दिल्या.

आता पलीकडच्या बाजूचं. रुळाला लागून पुंजाजीकाकाचं वावर, त्याच्या मागं आमचं. काका गेल्यावर ते वावर त्याचा पोरगा भगवंता कसतो. त्यानं मागच्या वर्षी चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलं, तेव्हापासून माझ्या वावरातून सडकेवर यायला वाट नाही. मागच्या दसऱ्याला झेंडू टोपल्यांनी नाल्यातून काढायला गेलो तर नाल्याला कमरेइतकं पाणी. झेंडू वावरातच सडला. यंदाही झेंडूच लावतो आहे, आम्हाला दुसरं येत नाही. यंदाही सडला तर वावर विकावं लागेल, आणि ज्याला रस्ता नाही असं वावर घेणारा एकच, तो म्हणजे भगवंता. सख्खा चुलतभाऊ असून त्याचं-माझं बोलणं बंद आहे.

पण ते जाऊ दे, तो माझा घोर. तू तुझ्या फळीवर एक काम कर. माझ्या वावरातून निघून काकाच्या वावरातून थेट स्टेशनपर्यंत एक रस्ता दाखव. चांगला ठसठशीत दाखव. ट्रॅक्टर सहज जाईल एवढा रुंद.

केशव

•

राजापेठ, अमरावती
२० मे २०२४

प्रिय केशव,

सामान पोचलं. उत्तराला उशीर झाला कारण गाजरगवताने माझे दोन्ही डोळे सुजले आणि आठवडाभर मी गोदावरीच्या हाताला धरून चालत होतो. झुडपं मात्र अप्रतिम झाली आहेत. ती तिनेच चिकटवली, नाकाला पदर बांधून.

मातीबद्दल एक तक्रार आहे. फेविकॉल आणि पाणी कालवून ती मी फळीभर थापली. पाच-सहा दिवस छान दिसली. मग अमरावतीचा उन्हाळा लागला आणि तिला भेगा पडल्या. एक भेग अशी पडली की मालधक्का एकीकडे आणि स्टेशनमास्तरांचं क्वार्टर दुसरीकडे गेलं. प्रमाणात मोजली तर ती दीड फूट रुंद भरते. दोन सेंटिमीटरचा हमाल तीत कमरेपर्यंत जातो. खाली मुरूम घालायला हवा होता हे आता समोरचा हार्डवेअरवालाही सांगतो. काळ्या मातीच्या मुलुखात जन्म काढून मी हे केलं. काय करू ते कळव.

आता रस्त्याचं. केशव, मी पस्तीस वर्षं दिवाणी कोर्टात काढली आहेत, माणूस काय बोलतो त्यापेक्षा काय बोलत नाही ते मला आधी कळतं. तुझ्या पत्रावरून मला जाणवलं की या स्टेशनमध्ये तुझा जीव माझ्याइतकाच गुंतला आहे. म्हणून दुखवायचं जिवावर येतं. पण मला तिथे रस्ता आठवत नाही, आणि १९६८ साली उमरडोहला ट्रॅक्टर नव्हता. एका साक्षीदारावर भिस्त ठेवू नये हा माझा जुना शिरस्ता, तेव्हा मी भगवंतालाही पत्र टाकलं आहे. तुमचं बोलणं नसलं तरी कलेच्या बाबतीत तो निःपक्षपाती राहील अशी आशा आहे.

तुझा
हरिहर

•

उमरडोह
४ जून २०२४

आदरणीय हरिहरदादा यांना भगवंताचा सा. न. वि. वि.

आपलं पत्र वाचून फार आनंद झाला. आपण आम्हाला विसरला नाहीत. माझे वडील रेल्वेत गेटमन होते, त्यामुळे स्टेशनची इत्थंभूत माहिती आमच्या घरात आहे.

आमच्या वावरातून रस्ता कधीच नव्हता. कोणी सांगत असेल तर तो खोटं बोलतो, मी नाव घेत नाही. तिथे बोरी होत्या आणि काटे होते. कृपया काटे ठळक दाखवावेत. शक्य असल्यास वावराला तारेचं कुंपण व सिमेंटचे खांब दाखवावेत.

सोबत बारीक मुरूम पाठवत आहे. आमच्या घरच्यांनी पिठाच्या चाळणीने तीन वेळा चाळला आहे. आमच्या विहिरीचं पाणीही एका बाटलीत दिलं आहे, आपल्या कामात लागलं तर. वहिनींना नमस्कार.

आपला
भगवंत पुंजाजी निमकंडे

•

उमरडोह
२४ जून २०२४

हरिहर,

कावून लिहिलं तू त्याले? साऱ्या गावात तुला तोच सापडला?

भेगांचं सांगतो. मे महिन्यात उमरडोहच्या वावरात तशाच भेगा असतात, लहानपणी तुझी चप्पल एकीत गेली होती. तुला अस्सल पाहिजे होतं ना? तशाच राहू दे. फक्त इमारतीखालची माती खरवड आणि मुरूम घाल. भगवंतानं पाठवलेला घालू नको, मी पाठवतो.

आता दुसरं. तू वकील असून तुला कसं कळलं नाही ते मला कळत नाही, म्हणून सरळच लिहितो. गावच्या तंटामुक्ती समितीसमोर आमचा रस्त्याचा वाद पडला आहे. मी म्हणतो वहिवाट होती, तो म्हणतो नव्हती. म्हातारे साक्षीदार मरून गेले, जे उरले त्यांना काल काय खाल्लं ते आठवत नाही. तेव्हा समितीत मीच बोललो की स्टेशनमास्तरचा हरिहर जसंच्या तसं स्टेशन बनवून राहिला, तो खोटं करणार नाही, तो दाखवेल ते मला मंजूर. मला वाटलं भगवंता बिचकेल. तो तिथंच उभा राहून म्हणाला, "मले बी मंजूर हाय. वकीलसायबाच्या फळीवर रस्ता निंगाला तर मी कुंपण काढतो." साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पितृपक्षात एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये फळी ठेवून निकाल आहे. पितृपक्षात शुभकार्य चालत नाही, तंटा चालतो.

झेंडूची रोपं टाकली आहेत. दसऱ्याला फूल येणारच, ते कोणासाठी थांबत नाही. तेव्हा रस्ता दाखव. ट्रॅक्टरचा नको, बैलगाडीचा दाखव.

केशव

•

राजापेठ, अमरावती
१८ जुलै २०२४

प्रिय केशव,

तुझं पत्र मी गोदावरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला मेमध्येच कळलं होतं, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मानलं नसतं." हे खरं आहे.

प्लायवूड, थर्माकोल आणि गोळ्यांची चांदी यांचा पुरावा जगातल्या कुठल्याही कायद्यात बसत नाही, हे मी तुमच्या समितीला कळवलं होतं. त्याचं उत्तर म्हणून मागच्या रविवारी समितीच आली. माझ्या बैठकीत नऊ माणसं बसली, त्यांतली दोन भगवंताच्या बाजूची, तीन तुझ्या बाजूची आणि उरलेली अमरावतीला काही खरेदी होती म्हणून आलेली. भगवंताकडून लिंबं आली, तुझ्याकडून वांगी आली. हरणाऱ्याची भाजी परत द्यावी लागते का, असं गोदावरीने मला स्वयंपाकघरात विचारलं. सगळे वर जाऊन फळी पाहून आले. पानठेलेवाल्याने आपला ठेला दाखवायचा आग्रह धरला. तो ठेला छोटी लाइन बंद झाल्यावर निघाला असं मी म्हटलं तर तो म्हणाला, "मंग काय झालं? ठेला तं हाय ना?" सरपंचांनी देवळाचा कळस थोडा उंच करायला सांगितला.

हे सगळं मी हसत लिहितो आहे, पण मला हसू येत नाही. केशव, मी रोज डोळे मिटून त्या बाजूला चालत जातो. मालधक्का दिसतो, लिंब दिसतो, पुढे काकाचं वावर आणि बोरी दिसतात. रस्ता दिसत नाही. तुझ्यासाठी मला तो दिसायला हवा होता, मी फार प्रयत्न केला. तो नसताना मी काढला, तर स्टेशनचं पुढचं काहीच मला खरं वाटणार नाही, वडिलांची टोपीसुद्धा. रस्ता मी दाखवू शकत नाही. तुला याचा राग येईल. तो आला तरी मला पत्र लिही.

तुझा
हरिहर

•

उमरडोह
६ ऑगस्ट २०२४

वकीलसाहेब,

आपलं पत्र मिळालं. माझी माती परत पाठवावी.

के. सं. निमकंडे

•

राजापेठ, अमरावती
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय केशव,

माती परत करता येत नाही, ती फेविकॉलमध्ये आहे. मी एक कोपरा खरवडून पाहिला तर प्लायवूडचा पापुद्रा निघाला. तू मला वकीलसाहेब लिहिलंस ते वाचून मी दोन दिवस वर गेलोच नाही. राग आला आणि वाईटही वाटलं. वाईट जास्त वाटलं.

मग गेलो, कारण माणसं आणि गाड्या ठेवायचं राहिलं होतं. माणसं मी एम-सीलची केली आहेत. बाबा झाले, हमाल झाला, चहावाला झाला. तुझ्या वडिलांची बैलगाडी मी बाभळीच्या ढलप्यांची केली, वर भाजीच्या टोपल्या, मोहरीच्या दाण्यांचे टमाटे. रोज सकाळच्या पॅसेंजरला तुमची भाजी अकोल्याला जायची, गाडी मालधक्क्याला लागलेली मी शंभरदा पाहिली आहे. ती तिथे ठेवली. छान दिसली. मग विचार आला की ही इथे आली कशी?

गाडी हातात घेऊन मी उलटा निघालो. नाल्यातून येणार नाही, नाल्याचा काठ उभा आहे. सडकेने येणार नाही, सडक रुळांच्या अलीकडे आणि तुमचं वावर पलीकडे. रस्ता नाही म्हणून मी तुला लेखी कळवून बसलेला, आणि गाडी रोज येत होती. संध्याकाळपर्यंत मी ती फळीभर फिरवत होतो. गोदावरी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "येत असतील त्यांच्या भावाच्याच वावरातून, दुसऱ्या कोणाच्या येणार?"

तेव्हा मला आवाज आठवला. दिसलं काहीच नाही, पण आवाज आठवला. तुझे वडील रुळांपलीकडून ओरडायचे, "पुंजाजी, फाटक!" आणि पुंजाजीकाका शिव्या देत यायचे, पाय ओढत, खांद्यावर हिरवा झेंडा, आणि लाकडी फाटक उघडायचे. रेल्वेचं फाटक त्यांच्या ताब्यात, त्यामागचं वावर त्यांचं स्वतःचं. पीक उभं असेल तेव्हा गाडी बांधाने यायची, पीक निघालं की मधून. वाट अशी एका जागी नव्हतीच, म्हणून मला दिसत नव्हती.

आता नीट ऐक. याला वहिवाट म्हणत नाहीत. भावाने भावाला येऊ दिलं, याला कायद्यात परवानगी म्हणतात आणि ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते. तुझी बाजू याने लंगडीच पडते, कदाचित हरतेही. तरी मी होतं तेच केलं आहे. रस्ता नाही. फाटक आहे, ते उघडं आहे, आणि कडीला हात लावून काका उभे आहेत. तुझा झेंडू सडला तर मला मनापासून वाईट वाटेल, एवढं मी लिहून देतो.

फळी न्यायला समितीचा पिकअप शनिवारी येतो आहे. पुढे ड्रायव्हरशेजारी समितीची माणसं बसणार, आणि मागे उभं राहून यायला गोदावरी माझ्या गुडघ्यांना परवानगी देत नाही. वर गोधड्या घातल्या आहेत. उतरवताना देवळाच्या कळसाला धरू नये.

तुझा
हरिहर

•

उमरडोह
२५ सप्टेंबर २०२४

हरिहर, रामराम.

फळी नीट पोचली. एक हमाल आडवा झाला होता, तानूनं उभा केला.

तुला राग असेल तर असू दे. मला होता तो गेला. रविवारी काय झालं ते तुला कोणी सांगितलं असेल तर अर्धवट सांगितलं असेल, म्हणून लिहितो.

शाळेच्या हॉलमध्ये बाया, माणसं, पोरं सारे आले. एवढे लोक ग्रामसभेला येत नाहीत. आधी तासभर कोणी रस्त्याचं नावच काढलं नाही. ज्यानं त्यानं आपलं घर शोधलं. ज्यांचं सापडलं नाही ते रागावले. सरपंच म्हणाले कळस अजूनही बुटका आहे. आशाबाई म्हातारी तुझ्या बापापुढं उभी राहून बोटानं टोपी दाखवत होती, म्हणे याच मास्तरानं तिला बिनतिकिटाची धरली होती.

मग समितीनं बॅटरी लावून फळी पाहिली, वरून पाहिली, बाजूनं पाहिली. अध्यक्ष म्हणाले, "रस्ता नाही." मला कबूल होतं, मान हलवली. भगवंताच्या बाजूची पोरं शिट्ट्या वाजवायला लागली.

भगवंता मात्र फळीपाशी उकिडवा बसला होता. नाक लागेल इतका जवळ. त्याच्या बायकोनं त्याला हाक मारली, त्यानं ऐकलं नाही. मग तो म्हणाला, "हा आमचा बाबा हाय." तुला माहीत नसेल, पुंजाजीकाकाचा फोटो नाही. काढलाच नाही कोणी. काका गेला तेव्हा भगवंता मुंबईला कामावर होता, पोचला तेव्हा सारं आटोपलं होतं. तू केलेला काका जोंधळ्याच्या चार दाण्यांएवढा आहे, त्याला नाक-डोळे नाहीत. पण तू त्याचा डावा पाय ओढलेला दाखवला आहेस आणि मान अशी खाली घातली आहे की शिव्या देतो आहे हे लांबून कळतं.

तसंच बसून भगवंतानं विचारलं, "फाटक कावून उघडं हाय?" कोणाला विचारलं ते कळलं नाही. त्या अंगाला मीच उभा होतो. मी म्हणालो, "आमचा बाप हाका मारे, अन् काका उघडे. रोज." दीड वर्षात त्याच्याशी पहिलं बोललो ते एवढंच. तो उठला आणि चहा न घेता घरी गेला.

निकाल लागला. रस्ता नव्हता. अध्यक्षांनी माझी सही घेतली. मी तुझ्यावर रागावलो नाही हे पाहून गावाला फार आश्चर्य वाटलं, मलाही वाटलं. फळी शाळेतच आहे, पोरं गाडी चालवायला मागतात, मास्तर देत नाही.

झेंडूला कळी आली आहे. मी विकायचं मनाशी धरलं आहे. तानू बोलत नाही.

केशव

•

राजापेठ, अमरावती
१ ऑक्टोबर २०२४

प्रिय केशव,

तुझं पत्र आलं आणि मी रिकाम्या खोलीत जाऊन बसलो. फळी होती तिथे आता गोदावरीने पापड वाळत घातले आहेत.

वावर विकण्याआधी मला कळव. कागद मी करून देईन आणि भगवंताला एक पैसा कमी देऊ देणार नाही. याहून दुसरं काही मला करता येत नाही. तू हरलास त्याला माझा हात लागला हे मी स्वतःला समजावतो आहे, अजून जमलेलं नाही.

तानुबाईंना माझा नमस्कार सांग, त्या घेतील तर.

तुझा
हरिहर

•

उमरडोह
२० ऑक्टोबर २०२४

हरिहर, रामराम.

उशीर झाला. दसऱ्याच्या गर्दीत पत्र लिहायला सवड नव्हती.

घटस्थापनेच्या दिवशी वावरात गेलो तर माझ्या बाजूचं कुंपण काढलेलं. मला वाटलं चोरी झाली. भगवंताच्या वावरातून चाकोरी पडलेली, मीच चालत गेलो. जिथं छोटी लाइन होती तिथं सडकेच्या अंगाला त्यानं फाटक बसवलं आहे. लोखंडी नाही, लाकडी. शाळेत जाऊन फळीवरच्या फाटकाचं माप धाग्यानं घेऊन आला म्हणे, आणि सुताराला सत्त्याऐंशीनं गुणायला लावलं. सुतारानं कुठंतरी चूक केली, जरा जास्तच मोठं झालं आहे. कडीला कुलूप. किल्ली त्याच्याजवळ.

मी त्याच्या घरी निरोप पाठवला, किल्ली दे. उलटा निरोप आला, "किल्ली भेटत नाही. निकालपत्रात रस्ता नाही. फाटक हाय. हाक मारायची."

मी दोन दिवस हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी फुलं फुटायला लागली. तानू गाडीवर टोपल्या चढवून बसली आणि म्हणाली, "तुमी मारता का मी मारू?" तेव्हा मारली. "भगवंता, फाटक!" साऱ्या शिवाराला ऐकू गेली असेल. तो आला. लगेच नाही आला, दात घासून आला. शिव्या देत आला. कडी काढली, गाडी सोडली, पुन्हा लावली. माझ्याकडं पाहिलं नाही.

दसऱ्याचा सारा झेंडू अकोल्याला गेला, आता दिवाळीचा चालू आहे. भाव बरा मिळाला. वावर विकायचं नाही, तेव्हा कागद करू नको. तानूनं नमस्कार घेतला आहे.

एक तक्रार आहे, वकील म्हणून तुला सांगतो. भगवंता आता हाक मारली तरी लगेच फाटक उघडत नाही. फाटकाला हात लावून उभा राहतो आणि म्हणतो, "थांब. गाडी येऊन राह्यली." रूळ उचलून किती वर्षं झाली ते तुला माहीत आहे. मी पहिल्यांदा भांडलो. दुसऱ्यांदा भांडलो. काल मीच विचारलं, "किती लेट हाय?" तो अकोल्याच्या बाजूला बघत म्हणाला, "येईल. बस तू."

मग आम्ही दोघं बसलो. त्याच्या बायकोनं चहा आणून दिला. फुलं बाजारात रोज उशिरा पोचतात.

केशव